किशोरांचे उपासनावर्ष आणि आपले उपदेशपर साहित्य

काही वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामातील तेरा ते सतरा वर्षे वयाच्या मुलामुलींसाठी प्रस्तुत लेखकाने प्रायश्चित्तकाळाची एक पुस्तिका लिहिली होती. चाळीस दिवस, चाळीस पाने; प्रत्येक पानावर बायबलमधील एक संदर्भ, चार ओळींचे चिंतन आणि शेवटी त्या दिवशी आचरणात आणावयाचा एक संकल्प, अशी तिची रचना होती. ईस्टरनंतर धर्मशिक्षणाच्या वर्गाची आवराआवर करताना बाकांच्या खणांतून त्या पुस्तिकेच्या बऱ्याच प्रती निघाल्या. बहुतेक कोऱ्या करकरीत होत्या. एका प्रतीत मात्र अकराव्या पानावर, ‘आज राग आवरीन’ या संकल्पाशेजारी कुणीतरी पेन्सिलीने एकच शब्द लिहिला होता : ‘कुणावरचा?’

संपूर्ण पुस्तिकेवर एवढे नेमके परीक्षण दुसऱ्या कुणी केले नाही. मी रागाविषयी लिहिले होते; पण तो राग वडिलांवरचा, शिक्षकांवरचा, स्वतःच्या चेहऱ्यावरचा की देवावरचा, याची चौकशी करण्याची गरज मला भासली नव्हती. वाचणाऱ्याला जे विचारावेसे वाटले असते त्यासाठी त्या पानावर जागाच नव्हती. त्याने ती समासात शोधली.

किशोरवयीन मुले चर्चपासून दुरावत आहेत, ही तक्रार आपल्या पालकसभांतून नेहमी ऐकू येते. तिची कारणे सांगताना मोबाईल, शिकवणीचे वर्ग, मित्रमंडळी यांच्याकडे बोट दाखवले जाते. आपण त्यांच्या हाती जे लिखाण देतो त्याकडे मात्र साहित्य म्हणून कुणी पाहत नाही. आगमनकाळाची पत्रके, प्रायश्चित्तकाळाच्या पुस्तिका, संतचरित्रे, युवादिनाच्या नाटिका हे सारे आपण चांगल्या हेतूने लिहितो, आणि हेतू चांगला असल्यामुळे त्याची समीक्षा करणे आपल्याला अप्रशस्त वाटते. हा संकोच बाजूला ठेवून या लिखाणाचा विचार करावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. त्यात सर्वाधिक टीका माझ्या स्वतःच्या पुस्तिकेवर आहे, हे आरंभीच सांगितलेले बरे.

या लिखाणाचा पहिला दोष असा की, ते काळाला विषय समजते. आगमनकाळ आला की ‘प्रतीक्षा’ या विषयावर निबंध, प्रायश्चित्तकाळ आला की ‘त्याग’ या विषयावर निबंध. वास्तविक उपासनावर्ष ही एक कथा आहे, आणि कथेत घटना जेवढ्या महत्त्वाच्या तेवढेच त्यांच्यामधले अंतर महत्त्वाचे असते. आगमनकाळात चार रविवार येतात. १९६९ साली सुधारलेल्या उपासना-पंचांगाने त्याचे दोन भाग स्पष्ट केले : आरंभी ख्रिस्ताच्या अंतिम आगमनाची आठवण आणि १७ डिसेंबरपासून त्याच्या जन्मोत्सवाची प्रत्यक्ष तयारी. आपल्याकडे मात्र डिसेंबरच्या पहिल्याच आठवड्यात नाताळगीतांच्या स्पर्धा होऊन जातात, गोठ्यांची मोजमापे ठरतात, आणि चोवीस तारखेच्या मध्यरात्री मुले इतकी थकलेली असतात की जन्मलेल्या बाळाकडे पाहण्याचीही ताकद त्यांच्यात उरत नाही. ज्याची वाट पाहिली नाही त्याचे येणे जाणवत नाही. प्रतीक्षेवर आपण निबंध लिहिला, पण प्रतीक्षा करू दिली नाही.

दुसरा दोष प्रमाणाचा आहे. प्रायश्चित्तकाळाच्या चाळीस दिवसांसाठी आपल्याकडे पुस्तिका आहेत, पत्रके आहेत, नाटिका आहेत. त्यानंतर येणाऱ्या पुनरुत्थानकाळाच्या पन्नास दिवसांसाठी काय आहे? ईस्टर ते पेन्टेकॉस्ट हे पन्नास दिवस ख्रिस्तसभा जणू एकच मोठा सण म्हणून साजरे करते. आपले किशोरसाहित्य मात्र ईस्टरच्या सकाळी सुट्टीवर जाते. याचा परिणाम असा की आपल्या मुलांना श्रद्धेचे व्याकरण निषेधार्थी क्रियापदांतच शिकायला मिळते : हे खाऊ नये, ते पाहू नये, असे बोलू नये. २०१८ साली रोममध्ये तरुणांविषयी धर्मगुरुवर्यांची परिषद झाली, आणि तिच्यानंतर, २०१९ मध्ये, पोप फ्रान्सिस यांनी तरुणांना उद्देशून आवाहनपत्र लिहिले. त्याच्या लॅटिन शीर्षकाचा अर्थ ‘ख्रिस्त जिवंत आहे’ असा आहे. तरुणांशी बोलताना पोपमहोदयांनी आरंभाला घेतलेला शब्द पुनरुत्थानकाळातला आहे. आपण आपला आरंभ राखेच्या बुधवारी करतो आणि शुभ शुक्रवारी थांबतो.

तिसरा दोष संतचरित्रांत दिसतो. वसईच्या मुलांना संत गोन्सालो गार्सिया यांची कथा आपण दरवर्षी फेब्रुवारीच्या आरंभी सांगतो. वसईचा मुलगा, जपानला गेला, ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे क्रुसावर रक्तसाक्षी झाला, १८६२ साली संतपदाला पोहोचला. सारे खरे आहे. परंतु किशोरवयातच जपानला गेलेल्या या तरुणाने येशूसंघात प्रवेश मिळावा म्हणून वर्षानुवर्षे वाट पाहिली, तो मिळाला नाही, म्हणून तो तेथून बाहेर पडला, त्याने व्यापार केला, आणि पुढे मनिला येथे तो फ्रान्सिस्कन संघाचा बंधू झाला, हा भाग आपण दोन वाक्यांत उरकतो. हव्या असलेल्या ठिकाणी प्रवेश न मिळणे म्हणजे काय, हे आजच्या अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्याइतके कुणाला कळेल? ज्या पानावर तो थांबला असता तेच पान आपण फाडून टाकतो आणि त्याला थेट क्रुसापाशी नेऊन उभे करतो.

येथे कुणी म्हणेल की, ही टीका साहित्याच्या मोजपट्टीने केलेली आहे. धर्मशिक्षणाला स्पष्ट उत्तरे हवी असतात, मुलांना गोष्टीत गुंतवून ठेवून कसे चालेल? आक्षेप महत्त्वाचा आहे. त्याचे उत्तर आपल्याच परंपरेत, चारशे वर्षांपूर्वीच्या एका लेखकाच्या कामात सापडते, असे मला वाटते.

फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले आणि १६१९ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी प्रामुख्याने साष्टी भागात सेवा केली. त्यांनी दोन वेगळ्या प्रकारचे ग्रंथ लिहिले. एक कोकणी भाषेतील धर्मशिक्षणाचे पुस्तक. ते त्यांच्या मृत्यूनंतर, १६२२ साली छापले गेले. दुसरे ‘ख्रिस्तपुराण’; ते १६१६ मध्ये राशोल येथे रोमन लिपीत छापून निघाले. सिद्धान्ताचे पुस्तक कसे लिहावे हे ज्यांना उत्तम ठाऊक होते त्याच स्टीफन्सना तेवढ्याने भागत नाही असे वाटले. नवख्रिस्ती समाजाची जुनी पुराणे सुटली होती. पुराण ऐकण्याची भूक मात्र सुटली नव्हती. ही भूक त्यांनी दोष मानली नाही. तिच्यासाठी त्यांनी सुमारे अकरा हजार ओव्या रचल्या आणि त्या रविवारी व सणावारी चर्चमध्ये वाचल्या जाऊ लागल्या. उत्तरांचे पुस्तक आणि कथेचे पुस्तक ही एकमेकांची प्रतिस्पर्धी नव्हेत, हे त्यांनी कृतीने दाखवले. आपण दुसऱ्याचे काम पहिल्याकडून करून घेऊ पाहतो. माझी पुस्तिका ही कथेचे कपडे घातलेली प्रश्नोत्तरी होती, आणि तीही प्रश्न गाळलेली.

‘ख्रिस्तपुराणा’च्या रचनेकडे या दृष्टीने पुन्हा एकदा पाहावे. ग्रंथाच्या मूळ पोर्तुगीज शीर्षकाचा आशय, येशू ख्रिस्ताच्या जगातील आगमनाविषयीचे निरूपण, असा आहे. त्याचे दोन भाग आहेत. पहिल्या पुराणात ३६ अवस्वर असून त्यांत सृष्टीच्या उत्पत्तीपासून जुन्या कराराची कथा येते. दुसऱ्या पुराणात ५९ अवस्वर असून त्यांत ख्रिस्तचरित्र येते. म्हणजे एकूण ९५ अवस्वरांपैकी ३६, अर्थात तिसऱ्या हिश्श्याहूनही अधिक ग्रंथ ख्रिस्तजन्माच्या अलीकडे आहे. कवी घाई करीत नाही. श्रोत्याला तो बेथलेहेमला नेण्याआधी आदामाच्या पतनातून आणि संदेष्ट्यांच्या काळातून चालवतो. उपासनावर्षाच्या भाषेत बोलायचे तर, पहिले पुराण हा एक प्रदीर्घ आगमनकाळच आहे. दुसऱ्या पुराणाच्या आरंभी श्रोता जेव्हा नाझरेथला पोहोचतो तेव्हा तो वाट पाहून आलेला असतो.

आणखी एक गोष्ट. या पुराणात पाद्री-गुरू कथा सांगतात ती ऐकणाऱ्यांच्या समोर बसून, आणि ऐकणारे मध्येच शंका विचारतात. पुराणपरंपरेतील वक्ता-श्रोता ही चौकट स्टीफन्सनी उचलली, हे अभ्यासकांनी सांगितलेच आहे. माझ्या दृष्टीने तिचे महत्त्व असे की, श्रोत्याच्या शंकेला ग्रंथातच मानाचे आसन मिळाले. तिला समासात जावे लागले नाही.

याचा अर्थ आजच्या मुलांच्या हाती ‘ख्रिस्तपुराणा’च्या ओव्या जशाच्या तशा द्याव्यात असा मुळीच नाही. त्यातील भाषा आज प्रौढ वाचकालाही अडखळवते. शिवाय आपल्या मुलांची भाषिक स्थितीच निराळी आहे. वसईतल्या कितीतरी घरांत सामवेदी किंवा वाडवळी बोलली जाते, शाळेत इंग्रजी असते आणि चर्चमध्ये ग्रांथिक मराठी असते. ‘प्रायश्चित्त’, ‘पुनरुत्थान’, ‘दृढीकरण’ हे शब्द मुलाच्या कानावर येतात ते फक्त वेदीवरून. उपदेशाला परक्या भाषेचे फारसे अडत नाही, कारण तो ऐकून घेण्यासाठीच असतो. प्रश्न मात्र माणूस आपल्या भाषेत विचारतो. स्टीफन्स इंग्लंडात जन्मले होते; ऐकणाऱ्यांना भिडेल अशी भाषा शिकण्याचे कष्ट त्यांनी घेतले. आपण याच मातीत जन्मून ते कष्ट टाळतो, ही गोष्ट लाजिरवाणी आहे.

मग किशोरांसाठी उपासनावर्षाचे साहित्य कसे असावे? नियमावली देण्याचा माझा अधिकार नाही. तथापि त्यांच्या वर्षाकडे जरा बारकाईने पाहिले तर लिहिण्याजोगे पुष्कळ सापडेल. महाराष्ट्रात दहावी-बारावीच्या परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात, म्हणजे बहुधा प्रायश्चित्तकाळातच. घरातूनच सांगितले जाते, ‘यंदा दहावी आहे ना, क्रुसाची वाट राहू दे.’ त्यामागची काळजी समजण्यासारखी आहे. पण त्यातून मुलगा शिकतो तो धडा असा की, श्रद्धा ही मोकळ्या वेळात करायची गोष्ट असून आयुष्यातल्या खऱ्या परीक्षेशी तिचा संबंध नाही. ज्या मुलाला झोप लागत नाही, अपयशाचे भय वाटते, आई-वडिलांचे पैसे फुकट जातील म्हणून जीव घाबरा होतो, त्याला गेथशेमनीची रात्र समजावून सांगण्याची गरज नाही. त्याच्याजवळ ती आहे. त्या रात्रीची गोष्ट त्याला सांगणारे कुणीतरी हवे आहे, आणि गोष्ट संपल्यावर लगेच ‘तात्पर्य’ न सांगण्याइतका संयमही हवा आहे.

खुद्द ख्रिस्तसभेच्या कायद्याने या वयाची दखल घेतली आहे. १९८३ च्या धर्मसंहितेतील १२५२ व्या कलमानुसार मांसवर्जनाचा नियम वयाची चौदा वर्षे पूर्ण झाल्यावर लागू होतो आणि उपवासाचा नियम अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर. वयामुळे ज्यांना हे नियम लागू नाहीत त्यांना प्रायश्चित्ताचा खरा अर्थ आत्मसात करता यावा, ही जबाबदारी त्याच कलमाने धर्मगुरूंवर आणि आई-वडिलांवर टाकली आहे. चौदा ते अठरा ही चार वर्षे म्हणजे एक उंबरठा आहे : एका बाबतीत मोठ्यांच्या पंगतीत, दुसऱ्या बाबतीत अजून नाही. कायद्याने ओळखलेला हा उंबरठा आपल्या साहित्याने अद्याप ओळखलेला नाही. आपण या वयाला कधी बालक समजून गोष्टीतला ससा दाखवतो, कधी प्रौढ समजून सिद्धान्त ऐकवतो. आणि दृढीकरणाचा संस्कार झाला की धर्मशिक्षणाचे दप्तर बंद होते. ज्या संस्काराने पाठवणी व्हायची त्याचा निरोपसमारंभ होतो.

उपासनेतील खुणाही मुलांच्या अनुभवापासून दूर नाहीत. गायकवृंदात गाणाऱ्या मुलीला प्रायश्चित्तकाळ आधी गळ्यात कळतो, कारण राखेच्या बुधवारपासून ‘आलेलुया’ गायचे नसते. तो शब्द कुठे गेला, हे तिने विचारावे आणि पास्कारात्री तो परत येईपर्यंत तिने थांबावे. यापेक्षा चांगले धर्मशिक्षण कोणते? ईस्टरचा रविवार २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेच्या हिशेबाने ठरतो. पवित्र गुरुवारी रात्री आराधना आटोपून घरी परतणाऱ्या मुलांना पौर्णिमेच्या आगेमागेचा चंद्र दिसतो. असाच चंद्र त्या बागेवर होता, एवढेच त्यांना सांगावे आणि गप्प राहावे. पुढे मेच्या सुट्टीत पुनरुत्थानकाळ जातो, आणि पेन्टेकॉस्टचा सण काही वर्षी मृगाच्या पावसाला येऊन टेकतो. तापलेल्या जमिनीवरचा पहिला पाऊस ज्याने अंगावर घेतला आहे, त्याला पवित्र आत्म्याच्या वर्षावाची उपमा परकी वाटणार नाही. त्यानंतरचा सामान्य काळ नावाप्रमाणेच शाळेचा, चिखलाचा, रोजच्या बसचा काळ असतो. उपासनावर्षातील तेहतीस-चौतीस आठवडे सामान्य काळाचे असतात आणि आयुष्यही बहुतांशी तसेच असते. त्या आठवड्यांसाठी आपण एकही पान लिहिलेले नाही.

शेवटी शुभवर्तमानातील एका प्रसंगाचा उल्लेख करतो. मार्कच्या शुभवर्तमानात येशूला अटक होते तेव्हा शिष्य पळून जातात, आणि त्यांच्यामागे एक तरुण दिसतो. त्याच्या अंगावर फक्त तागाचे वस्त्र आहे. शिपाई त्याला धरतात तेव्हा ते वस्त्र त्यांच्या हाती सोडून तो उघडाच पळून जातो. त्याचे नाव नाही, त्याच्यावर ताशेरा नाही, बोध नाही. दोन वचनांत तो येतो आणि जातो. पुढे रविवारी पहाटे स्त्रिया कबरेत शिरतात तेव्हा तेथे उजव्या बाजूला शुभ्र झगा घातलेला एक तरुण बसलेला असतो, आणि येशू उठला आहे ही बातमी तो सांगतो. मूळ ग्रीकमध्ये दोन्ही ठिकाणी ‘तरुण’ यासाठी एकच शब्द आला आहे. हा तोच तरुण की दुसरा, की देवदूत? मार्क सांगत नाही. अभ्यासक त्यावर वाद घालतात. मार्कला सांगता आले नसते असे नाही. पण त्याने ती जागा वाचकासाठी मोकळी ठेवली.

गेल्या प्रायश्चित्तकाळात मी नवी पुस्तिका लिहिली नाही. वर्गात एवढेच केले : दोन्ही उतारे मुलांना वाचायला दिले आणि त्या दोन रात्रींमध्ये तो तरुण कुठे होता, हे ज्याने त्याने आपल्या बोलीत लिहून आणावे असे सांगितले. एका मुलीने विचारले, ‘सर, चुकलं तर?’ मी म्हटले, ‘उत्तर मलाही ठाऊक नाही.’ वर्गात क्षणभर शांतता पसरली. इतक्या वर्षांत सरांना एखादे उत्तर ठाऊक नाही हे ती मुले प्रथमच ऐकत होती.

पुढच्या रविवारी पंचवीस मुलांपैकी चौदा जणांनी लिहून आणले. कुणी त्या तरुणाला घराच्या माळ्यावर लपवले होते, कुणी खाडीकाठी बोटीखाली. एकाने लिहिले होते की तो घरी गेला, पण उघडा कसा आलास असे आई विचारील म्हणून रात्रभर विहिरीपाशी बसून राहिला. त्या लिखाणात शुद्धलेखनाच्या चुका होत्या, सामवेदी आणि इंग्रजी शब्दांची सरमिसळ होती. परंतु माझ्या चाळीस पानांत जो नव्हता तो माणूस त्या अर्ध्या पानावर होता, आणि तो रविवारच्या पहाटेची वाट पाहत होता.

आपल्या किशोरसाहित्याने याहून मोठी महत्त्वाकांक्षा सध्या धरू नये, असे मला वाटते. पळालेल्या मुलाला कबरेपर्यंत परत यायला तीन दिवस लागले. लिहिणाऱ्याने तेवढे थांबले पाहिजे.